सरोवर पूर्वेला आहे

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून होते. गाडी बंद केली होती, पर्स खांद्याला लावली होती, पण उतरायचं जिवावर आलं होतं. मार्च संपत आला तरी आमच्या पोर्ट एल्डनमध्ये बर्फाचे काळपट ढीग कोपऱ्याकोपऱ्याला पडून असतात. पहिल्या वर्षी त्यांचा राग यायचा, आता नुसता थकवा येतो. पलीकडे मंगेश होता, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरहून. "वैशाली, बाबा गेले," तो म्हणाला. "आज पहाटे. हॉस्पिटलमध्येच... झोपेत."  नंतर मी काहीतरी बोलले असेन, माणसं अशा वेळी बोलतात तेच. फोन ठेवला, वर गेले, कॉम्प्युटर उघडला, दोन मीटिंगा केल्या आणि कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? ना नात्याचे ना गोत्याचे, एका जुन्या सहकाऱ्याचे वडील. रडण्यासाठी सुटी मागायची तर तिलासुद्धा इथे नातं लागतं.

दुःख झालंच. पण खरं सांगायचं तर आधी राग आला, आणि तो मंगेशचा आला. या माणसाला तुम्ही इथून उपटून वाळवंटात नेऊन लावलंत, आणि वर्षसुद्धा झालं नाही... असं मी त्याला फोनवर म्हटलं नाही, पण पुढचे कितीतरी दिवस मनातल्या मनात म्हणत राहिले. भांडी घासताना म्हणत होते, गाडी चालवताना म्हणत होते. आता काही आठवडे उलटलेत. राग कुठे गेला ते पुढे सांगेन, आधी काकांविषयी सांगू दे.

वामन आचरेकर हे त्यांचं नाव. मालवणच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या गावात त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. बायको गेल्यावर एकट्याने घर रेटून पाहिलं, जमेना, तेव्हा मंगेशने त्यांना कायमचं इकडे आणलं. पोर्ट एल्डन हे नाव आपण ऐकलेलं असायचं कारण नाही. शिकागोहून सरळ उत्तरेला दोन-अडीच तास गाडी हाकली की विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठावर हे गाव लागतं. एक बंदर, एक दीपगृह, फिक्या पिवळ्या विटांची जुनी घरं, तीन चर्च आणि एक खुर्च्यांचा कारखाना. त्या कारखान्याच्या ऑफिसात मंगेश जुना नोकरदार होता आणि मी काँट्रॅक्टवर आलेली नवी. माझा नवरा शिकागोजवळच्या शॉमबर्गला नोकरीला, शुक्रवारी रात्री यायचा आणि रविवारी संध्याकाळी जायचा. मी मूळची विदर्भातली, थंडी म्हणजे स्वेटर घालायची हौस भागवायचे चार दिवस एवढंच मला ठाऊक होतं. त्यामुळे या गावाविषयी माझं मत काय असणार ते सांगायला नको.

काकांची पहिली भेट रस्त्यावर झाली. ऑक्टोबरची संध्याकाळ होती, ऑफिसातून घरी निघाले होते. पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात एक म्हातारे गृहस्थ उभे दिसले. डोक्याला कानटोपी, अंगात दोन स्वेटर, पायात चपला आणि मोजे. मोजे घालून चपला म्हटल्यावर माणूस आपला, हे विचारावं लागत नाही. मी गाडी थांबवून काच खाली केली. "काका, मराठी का?" ते खाली वाकून म्हणाले, "हो. आणि रस्ता चुकलेला मराठी." गाडीत बसवलं तर हात गारठून लाकूड झाले होते. आचरेकर म्हटल्यावर मला उलगडा झाला, कारण मंगेशने वडील येणार म्हणून ऑफिसात सांगितलेलं होतं. वाटेत ते हात चोळत बसले. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "सूर्य बुडताना बघायचा म्हणून तळ्यावर गेलो होतो. बघत बसलो, बघत बसलो... तो बुडाला माझ्या पाठीमागे, गावात."

मला आधी कळलंच नाही. आम्हा नागपूरकडच्यांना समुद्र कुठल्याही दिशेला असला तरी सारखाच. पण कोकणात जन्म काढलेल्या माणसाला पाणी म्हणजे पश्चिम. ते शिकावं लागत नाही, आईच्या दुधातून येतं. आणि पोर्ट एल्डनला पाणी पूर्वेला आहे. नकाशावर हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, मिशिगन सरोवर त्यांनी फळ्यावर शेकडो वेळा काढलेलं होतं. पण पाय नकाशा मानत नाहीत. पाठीमागे तळं ठेवून घराकडे निघाले की त्यांच्या मते ते पूर्वेला चाललेले असत, मग उत्तरेला वळायचं म्हणून डावीकडे वळत आणि नेमके दक्षिणेला भरकटत. त्या वर्षी ते असे कितीतरी वेळा चुकले. एकदा पोलिसाने आणून सोडलं. शिल्पाने, म्हणजे सुनेने, त्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवायला सुरुवात केली. त्यांना ते फार लागलं. "भूगोलाच्या मास्तराच्या खिशात पत्ता," ते मला म्हणाले होते, "याच्यापरता अपमान नाही गो."

म्हणून त्यांनी ठरवलं की हे गाव तिसरीपासून शिकायचं. आपल्याकडे तिसरीला भूगोलात आधी आपला जिल्हा असतो. स्थान, सीमा, जमीन, हवामान, नद्या, पिकं, उद्योगधंदे, दळणवळण. मग चौथीला महाराष्ट्र, आणि असं करत करत पोरं अमेरिकेपर्यंत पोचतात. काका म्हणायचे, "मंगेश सरळ शेवटच्या इयत्तेत येऊन बसला, त्याची तिसरी राहिली. म्हणून त्याला इथे राहून इतकी वर्षं झाली तरी बाजारापलीकडचं गाव माहीत नाही." हे मंगेशच्या तोंडावर म्हणायचे. मंगेश हसायचा. ऑफिस, घर, ग्रोसरी आणि उन्हाळ्यात एकदा नायगारा, एवढाच त्याचा भूगोल होता. माझा तर तेवढाही नव्हता.

मग काका रोज सकाळी बाहेर पडायला लागले. मंगेशने बूट आणून दिले. गावाच्या चार सीमा त्यांनी पायाखाली घातल्या, आणि प्रत्येक वेळी तळ्याच्या काठाशी उभं राहून हात लांब करून स्वतःला बजावत, "सरोवर पूर्वेला आहे." बंदरावरच्या बाकावर वॉल्टर नावाचे एक निवृत्त कोळी बसत, त्यांच्याशी दोस्ती झाली. मासे हा दोघांचा समान विषय. वॉल्टरनी त्यांना सांगितलं की पूर्वी या काठावर इतकी होडकी असायची की बंदरात पाय ठेवायला जागा नसे, मग समुद्रातून कालव्यावाटे आलेल्या कुठल्याशा मासळीने सगळं तळं नासवलं, एका उन्हाळ्यात मेलेल्या माशांचे ढीग फावड्याने उचलावे लागले. लायब्ररीत बसून काकांनी बाकीचं जमवलं. हे तळं हिमनदीने कोरलेलं आहे, इथली पिवळी वीट इथल्याच मातीची आहे, ती भाजल्यावर लाल होत नाही. जर्मन आले ते लाकडासाठी. जंगल संपलं तेव्हा कातडी कमवायचे कारखाने आले, ते गेले तेव्हा खुर्च्या आल्या. हे सगळं ते मला शनिवारी दुपारी सांगत, कारण शनिवारी मी त्यांना गाडीतून हिंडवत असे. नवरा सोफ्यावर झोपलेला असायचा. मी कुरकुरत निघायचे आणि परत येताना बरं वाटलेलं असायचं, ते का हे मला तेव्हा कळलं नाही. त्या गावात माझ्याशी कामाखेरीज काही बोलणारा तो एकच माणूस होता, हे आता कळतं.

रेडिओवर इथे हवामान सांगताना रोज शेवटी म्हणतात, तळ्याजवळ आणखी थंड. मला ते वाक्य म्हणजे शिक्षा वाटायची. काका एकदम खूश होत. "बघ, खारे वारे आणि मतलई वारे. पाणी उशिरा तापतं, उशिरा निवतं. म्हणून इथे वसंत उशिरा. तीन मैल आत गेलीस की लिलॅक फुललेला असेल, इथे कळी पण नाही." आम्ही खरोखरच तीन मैल आत गेलो. लिलॅक फुललेला होता. हे सांगण्यासारखं काही नाही, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा...

पुढे गावात मराठी घरं थोडी वाढली, आणि लायब्ररीच्या तळघरातल्या खोलीत रविवारची मराठी शाळा सुरू झाली. पाच-सात मुलं. आयांची अपेक्षा बाराखडीची आणि शुभंकरोतीची. काकांनी ती दहा मिनिटांत उरकली आणि फळ्यावर लिहिलं, आपला जिल्हा. "पूर्वेला काय?" त्यांनी विचारलं. "The lake!" पोरं ओरडली. "मराठीत." "लेक!" त्यांनी कपाळाला हात लावला. "सरोवर म्हणा रे. लेक म्हणजे मुलगी." त्यांची नात रेवा तेव्हा आठेक वर्षांची, पुढच्या बाकावर. ती म्हणाली, "Ajoba, nobody says sarovar. You made it up." तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर कधी मराठीत द्यायची नाही. काकांनी त्यासाठी तिला कधी दटावलं नाही. ते मराठीत विचारत, ती इंग्रजीत सांगे, आणि दोघांचं उत्तम चालायचं.

एकदा त्यांनी सगळ्या वर्गाला सहलीला नेलं. तीन गाड्या केल्या, एक मी चालवत होते. गावापासून पश्चिमेला थोडं दूर शेतांच्या मधोमध त्यांनी आम्हाला थांबवलं. तिथे बघायला काहीच नव्हतं. मक्याची खुंटं, एक कोठार आणि रस्ता जरासा चढून उतरलेला. काका रस्त्याच्या त्या उंचवट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "हा इथला आंबोली घाट." आया आणि मी तोंडात पदर, म्हणजे स्कार्फ, कोंबून हसलो. पण ते गंभीर होते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस एका बाजूने अरबी समुद्राला जातो आणि दुसऱ्या बाजूने थेट बंगालच्या उपसागराला. तसंच इथे. या बाजूचं पाणी आपल्या तळ्यात, त्या बाजूचं मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात. त्यांनी थर्मासमधलं पाणी त्या उंचवट्यावर ओतलं. पोरं गुडघ्यावर बसून बघायला लागली, कुठे जातंय. पाणी तिथल्या तिथेच जिरलं. "It's not going anywhere!" रेवा म्हणाली. काका इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "बरोबर आहे," म्हणाले, "बहुतेक पाणी तिथेच जिरतं. ते पुस्तकात लिहीत नाहीत."

उद्योगधंद्यांचा धडा आला आणि नेमका त्याच हिवाळ्यात कारखाना बंद व्हायची बातमी आली. खुर्च्या आता दुसरीकडे बनणार होत्या. आधी कारखाना, मग ऑफिसातली आमची खाती एकेक करून. मंगेशचं नाव पहिल्या यादीत होतं. इतक्या वर्षांची नोकरी, त्याला एक खोकं दिलं सामान भरायला. मला मात्र ठेवलं, कारण मी काँट्रॅक्टवरची, स्वस्तातली, आणि सगळं आवरून दुसरीकडे पाठवायला कोणीतरी लागतंच. तेव्हापासून आजवर मी तेच करते आहे, एका बंद होत चाललेल्या कंपनीची आवराआवर. दर काही महिन्यांनी मुदत वाढवतात. व्हिसा त्यालाच बांधलेला. म्हणून मी घरात नवं काही घेत नाही, भिंतीला खिळा ठोकत नाही.

मंगेशला चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत काम मिळालं. त्याच्या जागी कोणीही तेच केलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण काकांनी नाही म्हटलं. पहिल्यांदा हसत म्हटलं, मग गंभीरपणे, आणि एके दिवशी जेवणाच्या ताटावर, मी समोर बसलेली असताना, मालवणीत म्हटलं. "माका खंय जावचा नाय." मंगेशचा चेहरा उतरला, कारण बाप घरात मालवणी बोलला म्हणजे विषय संपला हे त्याला लहानपणापासून ठाऊक. तरी तो म्हणाला, "बाबा, be practical. इथे बर्फात घसरलात तर उचलणार कोण? आणि शेवटी कुठेही जा, पळसाला पानं तीनच." काका म्हणाले, "पानं तीनच रे. पण पळस वाढायला वर्षं लागतात. मी एकदा मालवणहून इथे आलो. दिशा बदलल्या त्या फिरवून घेतल्या. आता परत? एका जन्मात तीन भूगोल पाठ होत नाहीत, मंगेश." शिल्पा उठून आत गेली. तिचंही खोटं नव्हतं, दोन्हीकडची घरं आणि एका माणसाचं आजारपण असं कोण ओढणार?

काकांनी मनात एक बेत केला होता. लायब्ररीच्या मागे म्हाताऱ्या माणसांसाठी एक इमारत आहे, एकेका खोलीची घरं. वॉल्टर तिथेच राहत. आपण तिथे राहावं, रविवारची शाळा चालवावी, वर्षाकाठी मंगेशकडे जाऊन यावं. त्यांचं हृदय अधू होतं, त्यामुळे मंगेशची एकच अट होती, जवळ कोणीतरी आपलं माणूस हवं. हाक मारली तर येणारं. ती अट ऐकून ते माझ्याकडे आले. रविवारची शाळा सुटली होती, मी फळा पुसत होते. ते बाकावर बसले आणि सरळ म्हणाले, "वैशाली, मंगेशला सांगशील का, की तू आहेस म्हणून?"

"मी आहेच ना काका."

"तसं नाही. किती दिवस आहेस?"

मी काय सांगणार होते? त्या आठवड्यात माझी मुदत उन्हाळ्यापर्यंतची होती. पुढचं बोलायचं तर मॅनेजरलासुद्धा माहीत नव्हतं. मी खोटं बोलू शकले असते. त्यांनाही ते चाललं असतं असं मला वाटतं... पण ते मास्तर होते, आणि उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणावं अशी त्यांची शिस्त होती. "माहीत नाही, काका," मी म्हटलं.  मग उठून त्यांनी माझ्या हातातलं डस्टर घेतलं आणि उरलेला फळा स्वतः पुसला. घरी जाऊन त्यांनी मंगेशला सांगितलं, "मी येतो."

मला आजही त्यात माझी चूक वाटत नाही. पण चूक नसलेल्या गोष्टीही माणसाला थकवतात. या गावात येऊन गेलेल्या लोकांचा इतिहास काका शिकवत, तेव्हा सुरुवात नेहमी इथल्या मूळ आदिवासींपासून करत, ज्यांना हे तळं सोडून पश्चिमेला जावं लागलं. मग लाकूडवाले, मग कातडीवाले. शेवटच्या रविवारी त्यांनी मुलांना सांगितलं की आता आपण पण त्या यादीत. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना केक आणला होता.

जूनमध्ये ते सगळे चँडलरला गेले. जायच्या सकाळी मी पोचले तेव्हा ट्रक भरून झाला होता, आणि काका घरात नव्हते. बंदरावर सापडले, वॉल्टरच्या शेजारी.  सूर्य तळ्यातून बराच वर आलेला होता. मी हाक मारली तसे लगेच उठले, वॉल्टरना नमस्कार केला, आणि गाडीत बसल्यावर घर येईपर्यंत डोळे मिटून घेतले.

नंतर मी फोन करत असे. आधी दर रविवारी, मग जमेल तसा. "कसं आहे काका?" "बरं आहे." "गरम होतंय का?" "होतंय." एवढंच. जो माणूस लिलॅकच्या एका कळीवर अर्धा तास बोलायचा तो असा बोलायला लागला, त्यावरून मी समजले की त्यांनी सोडून दिलं. खुर्चीत बसून भिंतीकडे बघत असतील, टीव्ही लावून ठेवलेला असेल. मी मनात ते चित्र इतकं पक्कं केलं की ते गेल्यावर मला आश्चर्य वाटलंच नाही. फक्त राग आला, आणि तो कोणावर तरी काढायला हवा होता.

मंगेशचा पुन्हा फोन आला तो परवा-परवा. दिवसकार्य सगळं झालं होतं, अस्थी घेऊन त्याची बहीण मालवणला गेली होती. आवाज दमलेला. तो म्हणाला, "रेवाला तुझ्याशी बोलायचंय. काही दिवस मागे लागलीय. काय ते मला सांगत नाही." मग रेवा आली. आता ती अकरा-बारा वर्षांची, आवाज बदललेला. "काकू, you used to do that book with Ajoba, right? The district one? I need to know what comes next."

"कशाच्या नंतर?"

मग तिने जे सांगितलं ते मी उभ्याने ऐकायला सुरुवात केली आणि जिन्याच्या पायरीवर बसून संपवलं. चँडलरला गेल्यावर महिनाभर आजोबा काहीच बोलत नव्हते. "He just sat." मग एका सकाळी, उन्हं व्हायच्या आधी, त्यांनी तिला उठवलं आणि म्हणाले, चल, बाटलीत पाणी भरून घे. ते दोघं कॉलनीच्या टोकापर्यंत चालत गेले. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढे. "We did सीमा first. It took forever because he got tired, so we did one side at a time. उत्तरेला freeway. दक्षिणेला आदिवासी people's land. Then हवामान, that was easy, it's just hot." मला हसू आलं. मग मी विचारलं, आजोबांनी फोनवर हे मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "He said not till we finish. He said वैशालीला अर्धवट गृहपाठ दाखवायचा नाही."

नद्यांचा धडा आला तेव्हा मंगेश त्यांना गाडीतून नदीवर घेऊन गेला. मंगेश, ज्याची तिसरी राहिली होती. पूल केवढा मोठा, त्यावर नदीच्या नावाची पाटी, आणि खाली नुसती वाळू. थेंब नाही. "Ajoba was so happy, काकू. He kept saying, बघ, नदी आहे, पाणी सुट्टीवर गेलंय. Baba was laughing also." पाणी गेलं कुठे ते शोधायचं त्यांनी ठरवलं. घराजवळच्या कालव्यात ते सापडलं, दूरच्या दुसऱ्याच नदीतून आणलेलं. त्यावर एक आख्खा आठवडा गेला. नंतर ते आजारी पडले. "So we finished rivers," रेवा म्हणाली. "What's next?"

मी जिन्यात बसून रडत होते. ते दुःख होतं की सुटका होती, मला सांगता येणार नाही. त्यांनी सोडून दिलं नव्हतं, एवढंच डोक्यात फिरत होतं. इतके दिवस मी मंगेशवर जो राग धरला होता त्याला उभं राहायला जागाच उरली नाही. नाक पुसून मी म्हटलं, "नद्यांनंतर पिकं."

"Okay. पिकं." ती लिहून घेत असावी. "But nothing grows here. Wait, no. There was this field behind school when we came. In fall it had all this white fluffy stuff, it blows on the road."

"कापूस," मी म्हटलं. "तो कापूस आहे, रेवा."

मालवणच्या मास्तराला कापूस कितपत आला असता कोण जाणे. पण माझं लहानपण जिनिंग कारखान्याच्या समोरच्या घरात गेलं. कापसाच्या गाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत यायची, आणि हंगामात आईच्या केसांत, वरणात, देवाच्या फोटोवर सगळीकडे तो पांढरा भुसा असायचा. सरकी कशी निघते, गाठ कशी बांधतात, बोंड कधी फुटतं, हे मला कोणी शिकवलं नाही आणि मी ते कधी विसरले नाही. या देशात येऊन इतकी वर्षं झाली, पण मला ठाऊक असलेलं काही कोणी विचारलंय असं आजवर झालेलं नव्हतं. मी म्हटलं, "कापूस मला येतो. तो मी शिकवीन. रविवारी फोन कर, दहा वाजता."

त्यांचं घड्याळ आमच्या मागे चालतं. मग तिने विचारलं, आणि मराठीत विचारलं, "तुमचे दहा, की आमचे?"

मी म्हटलं, "तुमचे."